हेडफोनला तानपुऱ्याची कसोटी

पेठ वडगावहून पूर्वेला निघालं की मिरज फार लांब नाही. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हेडफोनचा आवाज उबदार आहे की नुसताच बोजड, हे पारखायला तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण उत्तम.

काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून होणाऱ्या झंकारातून, उमटणारे स्वरांश मात्र काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात. ऊब जाणवते ती प्रामुख्याने १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात. ती कमी वाटली, तर इक्वलायझरवर हा पट्टा २-३ डेसिबल उचलावा, नाहीतर ३ ते ६ हजार हर्ट्झचा तेवढाच उतरवावा. दुसरा उपाय सहसा बरा, कारण त्यात आवाज फाटण्याचा धोका नाही. जवारीच हरवली, तर हात जरा जास्त पडला म्हणायचा!

खर्चाआधी कानावरच्या गाद्या बघाव्यात. फोम दबला, रेक्झिन तडकलं किंवा चष्म्याच्या काडीने फट पडली, की खालचे स्वर गळतात आणि आवाज कोरडा लागतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची ऊब वेगळी. तो मूळ स्वरात दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळतो. मोजणी यंत्राच्या लेखी ही विकृतीच.