धाराशिवचा श कुठून येतो?

उस्मानाबाद हे नाव लिहून बघा. त्यात ना ल आहे, ना श. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने शहराच्या धाराशिव या नावाला मंजुरी दिली, सप्टेंबरात जिल्ह्याच्या नावाचीही अधिसूचना निघाली, आणि देवनागरीतल्या एका जुन्या वादाचं अक्षर थेट जिल्ह्याच्या नावात येऊन बसलं. वाशी आणि लोहारा या तालुक्यांना तो प्रश्न आधीपासून होताच. आता तो सगळ्या जिल्ह्याचा झाला.

वाद आहे वळणाचा. हिंदी धाटणीच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो, मराठी ल दोन पाकळ्यांचा असतो. श चंही तसंच, मराठी वळण वेगळं आणि हिंदी पुस्तकातलं वेगळं. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. फळ्यावर ते पाळणं सोपं आहे. पण कळंबच्या एखाद्या बाईंनी मोबाइलवर ‘धाराशिव’ टाइप केलं, तर कोणता श उमटायचा हे ठरवतं कोण?

संगणकाला दोन श माहीतच नाहीत. जगातल्या लिप्यांची अक्षरं क्रमांकांनी नोंदणाऱ्या युनिकोडमध्ये श चा क्रमांक एकच, ०९३६. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत, सगळ्यांचा तोच. वेगळेपण येतं ते फॉन्टमधून. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये त्या एका क्रमांकासाठी दोन चित्रं काढलेली असतात आणि सोबत एक बारीकशी सूचना असते: मजकुराची भाषा मराठी असेल तर हे चित्र घ्या. हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर ती सूचना वाचतं आणि क्षणार्धात अक्षरं जुळवून पडद्यावर मांडतं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात तेच काम करतं. पानावर भाषा मराठी असल्याची खूण नसेल, तर मात्र बिचारं फॉन्टचं नेहमीचं चित्र उचलतं, आणि ते बहुधा हिंदी वळणाचं असतं.

लोहित हा असाच एक मुक्त फॉन्ट. तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला, रेड हॅटने मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला, आणि २०११ साली तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. म्हणजे तो कुणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा, पुन्हा वाटावा. पण ‘कुणीही बदलू शकतो’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो: बदल कुणाला विचारून करायचा? समजा, कुणी सुचवलं की मराठी श हाच नेहमीचा श करून टाका. धाराशिवचा माणूस खूश होईल, पण त्याच फॉन्टमध्ये वाचणारा लखनौचा वाचक अडखळेल. नेपाळी वाचकाला तर त्याचा झ सुद्धा निराळा हवा असतो. म्हणून असा बदल आधी सर्वांसमोर मांडतात, वापरणाऱ्यांचं ऐकतात आणि मगच पुढे जातात. भाषेची खूण पाहून चित्र निवडायची युक्ती मला म्हणूनच इतकी सुंदर वाटते. तिच्यात कुणाचंही वळण मोडत नाही.

फॉन्टमधली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे एकदा दिलेला क्रमांक कधीच परत घेत नाहीत, अक्षराचं नोंदलेलं नावही बदलत नाहीत. तसं केलं तर आधी लिहून ठेवलेला सगळा मजकूर गोंधळेल. त्यामुळे तिथे प्रस्ताव आणि मसुदे आधी खुले होतात आणि कुणालाही अभिप्राय पाठवता येतो. नवं अक्षर हवं तर छापील पुरावे जोडावे लागतात. आपल्या ‘ॲ’ ला स्वतःचा क्रमांक २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. धाराशिवच्या न्यायालयाजवळ वकिलांच्या पाट्यांवर ‘ॲड.’ वाचाल, तेव्हा लक्षात असू द्या, संगणकाच्या जगात हे अक्षर अजून तरुणच आहे.

आणि काही निर्णय कायमचे अंगाला चिकटतात. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द घ्या. खरिपाच्या पीकविम्यापासून दुष्काळाच्या मदतीपर्यंत जिल्ह्यातली क्वचितच एखादी सूचना याच्याशिवाय निघत असेल. त्यातला आडवा, पापणीसारखा र मराठीची खास गरज आहे; ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा फरक तोच सांभाळतो. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये हा र साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य सांधा जोडून लिहायचा नियम होता. भारतीय मानक इस्कीमध्ये तो ऱ पासून बनायचा. पुढे युनिकोडने इस्कीची रीत स्वीकारली, पण जुन्या पद्धतीने लिहिलेला मजकूर टाकून थोडाच देता येतो? त्यामुळे आज दोन्ही रीती चालतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, आत मात्र क्रमांक वेगळे. म्हणून कधी कधी डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधूनही सापडत नाही.

एवढ्या बारकाव्यांची पारख कोण करणार? फॉन्ट घडवणारा कितीही निष्णात असो, त्याने तुळजापूर, नळदुर्ग, परंडा ही नावं रोज लिहिलेली नसतात. ‘नळदुर्ग’ मधला रफार नेमका ग वर बसतो का, हे तिथल्या नगरपरिषदेत दाखले टाइप करणाऱ्याला एका नजरेत कळतं. हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही, वापरातच असतं. मुक्त सॉफ्टवेअरला ते मिळवायचा एकच मार्ग आहे, विचारणं. आणि उत्तर द्यायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं आणि फोन व फॉन्ट कोणता, या चार गोष्टी आणि एक स्क्रीनशॉट पुरतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्याने कुणाच्या हाती काही लागत नाही. ‘शेतकऱ्यांचा या शब्दात रफार वर गेला’ या वाक्याने नेमकी जागा सापडते.

शक्य असेल तर हे मसुदा खुला असतानाच कळवा. फॉन्टचं नंतरही निभतं, पण युनिकोडचा क्रमांक एकदा पडला की आपल्या नातवंडांनाही तोच वापरायचा आहे.