पांढऱ्या फुलांची लसणी पात : आधी वास, मगच घास



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही एके काळची गावेच. आता तिथे शेत कुठले? पण तुमची लेक किंवा भाऊ तिकडे राहत असेल, तर गॅलरीत चार कुंड्या असतातच. त्यातल्या एका कुंडीसाठी ही माहिती.

रोपवाटिकेत 'गार्लिक चाइव्ह्ज' मिळते. ही कांदा-लसणाच्याच कुळातली. पान चपटे, गवतासारखे. चुरगळले की लसणाचा वास. उंच दांड्यावर पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचा झुबका येतो. मणिपुरात हिला 'मरोई नाकुप्पी' म्हणतात आणि जेवणात आवडीने घालतात. पाने आणि फुले दोन्ही खाता येतात.

लागवड सोपी आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून लावा. माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घ्या. निदान चार तास ऊन हवे. पात जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापा, पुन्हा फुटते. दोन-तीन वर्षांनी ठोंब दाटला की फोडून लावा. बी पडण्याआधी फुले खुडा, नाहीतर शेजारच्या कुंड्यांतही रोपे उगवतील.

खरा शत्रू म्हणजे साचलेले पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. तेवढा रोज पडत नाही, पण उपनगरातल्या साध्या पावसाळ्यातही कंद कुजतो. म्हणून कुंडीचे भोक मोकळे ठेवा, तळाशी विटांचे तुकडे घाला आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा.

आता महत्त्वाचे. स्पायडर लिली, रेन लिली यांनाही पांढरी फुले येतात आणि त्यांचा कंद थेट कांद्यासारखा दिसतो. त्यात लायकोरीन हे विषारी द्रव्य असते. खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. ओळखायची खूण एकच : लिलीच्या पानाला लसणाचा वास नसतो. आधी हात धुवा, मगच पान चुरगळा. लसूण सोललेल्या हाताला सगळेच लसणासारखे वाटते. दोन्ही झाडे एका कुंडीत कधीच लावू नका.

आणि हो, कापलेली लसणी पात गाई-म्हशींपुढे टाकू नका. कांदा-लसूण जास्त खाल्ला तर जनावराच्या रक्ताला अपाय होतो, दुधालाही वास येतो.

वासाची खात्री नसेल, तर ते झाड फुलासाठीच ठेवा. ताटात नको.