लोहाराच्या मुलाने मागितलेली विद्यापीठे

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर छेदनकर्माचा सराव करावयास सांगितले आहे, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. शास्त्र कंठस्थ आहे, परंतु हात कर्मात वळलेला नाही, असा वैद्य चिकित्सेस अपात्र, ही आपल्या परंपरेची भूमिका आहे. कृतीतून शिक्षण हा विचार म्हणूनच आपणांस परका नाही. मात्र अशा शिक्षणासाठी शासनाने सार्वजनिक संपत्ती वेचून विद्यापीठांची मालिकाच उभारावी, हा प्रयोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झाला.

त्यातील एका संस्थेचा परिचय मराठी वाचकांस आहेच. वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्राने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्रात घरोघरी नेले. हे कार्व्हर १८९१ मध्ये आयोवा राज्यातील एम्स येथील कृषी महाविद्यालयात दाखल झाले आणि १८९६ मध्ये तेथूनच पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कगीस गेले. गुलामगिरीत जन्मलेल्या मुलास वनस्पतिशास्त्र शिकविणारे हे महाविद्यालय ज्या कायद्यावर पोसले गेले, त्याची कथा फारशी कोणी सांगत नाही.

तो कायदा जस्टिन मॉरिल यांचा. व्हर्माँट राज्यातील एका लोहाराचा हा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे दुकानदारी केली आणि मग ते संसदेत गेले. शेतकरी व कारागीर यांच्या मुलांना त्यांच्या व्यवसायाचे उच्च शिक्षण मिळावे, तथापि भाषा-साहित्यादी विद्याही वगळू नयेत, असे त्यांचे विधेयक होते. १८५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते नाकारले. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. राज्याच्या प्रत्येक संसद-सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावयाची, ती विकून भांडवल गुंतवावयाचे आणि केवळ व्याजावर महाविद्यालय चालवावयाचे, अशी योजना होती.

ही ‘सरकारी’ जमीन मुळात कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधवृत्तानुसार सुमारे २५० मूलनिवासी जमातींची जवळजवळ १ कोटी ७ लक्ष एकर भूमी या कामी गेली. त्यांच्या स्वतःच्या महाविद्यालयांना या व्यवस्थेत स्थान मिळावयास १९९४ साल उजाडले. उपकाराच्या इतिहासात हे ऋण नोंदले पाहिजे.

महाविद्यालये उघडली, तरी शिकवावयाचे काय हे प्राध्यापकांनाही नीटसे ठाऊक नव्हते. म्हणून १८८७ च्या कायद्याने प्रयोगकेंद्रे जोडली गेली आणि १९१४ च्या कायद्याने ‘विस्तार’ कार्य, म्हणजे ज्ञान शेतावर नेऊन पोहोचविणे. माझ्या मते या विद्यापीठांचे खरे बळ इमारतींत नसून या तिसऱ्या अंगात आहे. कारण त्या वाटेने ज्ञान बाहेर जाते, तसे प्रश्न आत येतात.

याचे उदाहरण विस्कॉन्सिन विद्यापीठातील आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळात सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसन नगरात आला. गाडीत मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि बुरसटलेल्या चाऱ्याचा ढीग होता. चारा स्वीट क्लोव्हरचा, म्हणजे आपल्या मेथीच्याच कुळातील वनस्पतीचा. शनिवार असल्याने पशुवैद्यकीय कार्यालय बंद होते. तो कृषी-रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरला. तेथील कार्ल पॉल लिंक यांच्यापाशी त्या क्षणी उपाय नव्हता. हा चारा देऊ नको, एवढेच ते सांगू शकले. परंतु किटली त्यांनी ठेवून घेतली. रक्तस्राव घडविणारे द्रव्य, डायकुमारॉल, शुद्ध स्वरूपात हाती येण्यास १९३९ उजाडले. त्याच संशोधनातून १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी वॉरफेरिन बाजारात आले आणि पुढच्या दशकात ते रक्त गोठू न देणारे औषध ठरले. आज आपल्याकडे येणाऱ्या काही हृद्रोग्यांच्या कागदांवर हे नाव असते व कोणतीही वनौषधी देण्यापूर्वी आपण थबकतो. विष आणि औषध यांतील अंतर मात्रेचे व योजनेचे, हे आपण जाणतोच. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की त्या शेतकऱ्यास दार उघडे मिळाले.

भारतात राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. १९६० साली इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली व परभणी (१९७२) अशी चार झाली. आयुर्वेदासाठी जामनगर येथे १९६७ मध्ये गुजरात आयुर्वेद विद्यापीठ कार्यरत झाले, ही अभिमानाची गोष्ट. तथापि अध्यापन, रुग्णालय व संशोधन यांच्या जोडीस ‘विस्तार’ हे अंग आपल्या क्षेत्रात दुबळेच राहिले.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका औषधनिर्मात्या स्नेह्याकडे अशोकारिष्टासाठी अशोकत्वचेची पोती आली. साल पाहून त्यांना शंका आली. बागांतून उंच सरळ वाढणारा, लोक ज्याला अशोकच म्हणतात त्या आसुपालवाची ती साल असावी, असे त्यांना वाटले. नमुना घेऊन ते एका महाविद्यालयात गेले. परीक्षेचा काळ होता. पत्र देऊन ठेवा, असे सांगण्यात आले. पत्राचे उत्तर आले नाही. पुढे शुल्क भरून खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा शंका खरी ठरली. माल परत गेला. बहुधा दुसऱ्या कोणाकडे खपलाही असेल. ती साल कोठून निघाली, गोळा करणाऱ्यास भेद ठाऊक होता की नाही, हे विचारणारे कोणी नव्हते. चरकाचार्यांनी तर वनस्पती ओळखणाऱ्यांत गुराख्यांचा व वनवासीयांचा आदराने उल्लेख केला आहे.

नवे विद्यापीठ मागणे हे दीर्घकाळचे काम आहे. तोवर प्रत्येक जिल्हा शाखेने जवळच्या महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाशी बोलून महिन्यातील एक ठरावीक दिवस निश्चित करावा. त्या दिवशी वैद्य, औषधनिर्माते आणि वनस्पती गोळा करणारे यांनी नमुने व शंका घेऊन यावे, विभागाने त्यांची वहीत नोंद ठेवावी. उत्तर त्याच दिवशी मिळालेच पाहिजे असे नाही. लिंक यांनाही सहा वर्षे लागली होती.