ज्यू तत्त्वज्ञान व नीतिविचार, आधुनिक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यूरोपातील आणि नंतर अमेरिका व इझ्राएल येथील ज्यू विचारवंतांनी आपल्या धर्मपरंपरेचा आधुनिक तत्त्वज्ञानाच्या संदर्भात जो विचार केला, त्यास आधुनिक ज्यू तत्त्वज्ञान असे म्हणतात. मध्ययुगात मायमॉनिडीझसारख्या (११३८–१२०४) तत्त्ववेत्त्यांपुढे मुख्य प्रश्न होता तो ईश्वरी साक्षात्कार व मानवी बुद्धी यांच्या मेळाचा. आधुनिक काळात त्याची जागा निराळ्याच प्रश्नाने घेतली. ज्यू धर्म हा प्रामुख्याने आज्ञांचा धर्म आहे. ‘तोरा’ या धर्मग्रंथातील आज्ञांची संख्या परंपरेने ६१३ मानली असून त्यांच्या विवरणातून ‘हलाखा’ हे विधिशास्त्र सिद्ध झाले. एका विशिष्ट समाजास ईश्वराने घालून दिलेले हे बंधन, स्वतःच्या बुद्धीने नियम ठरविणाऱ्या व्यक्तीपुढे आणि सर्व माणसांना सारख्याच लागू होणाऱ्या नीतीपुढे कोणत्या आधारावर टिकते, हा तो प्रश्न होय.

त्याची पहिली निःसंदिग्ध मांडणी स्पिनोझाने (१६३२–७७) केली. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्यास १६५६ मध्ये बहिष्कृत केले होते. धर्म व राज्यसंस्था यांविषयीच्या १६७० च्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की मोझेसचा कायदा हा प्राचीन हिब्रू राज्याचा कायदा होता; ते राज्य लयास गेल्यावर तो कोणावरही बंधनकारक उरला नाही. कांटनेही पुढे ज्यू धर्म म्हणजे केवळ विधिनियमांचा समुच्चय, खऱ्या अर्थाने धर्म नव्हे, असे मत दिले. हे आक्षेप ग्रंथांपुरते मर्यादित नव्हते. ज्यूंना नागरिकत्वाचे समान हक्क द्यावेत की नाही, हा वाद अठराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात चालू होता (फ्रान्सने ते १७९१ मध्ये दिले). ज्यांची नीती स्वजनांपुरतीच आहे त्यांना सहनागरिक कसे मानावे, असा त्यातील एक मुद्दा असे.

मोझेस मेंडेल्सझोन (१७२९–८६) याने जेरूसलेम (१७८३) या ग्रंथात या आक्षेपांना उत्तर दिले. बळाचा वापर राज्यसंस्थेने करावा, धर्मसंस्थेने केवळ मन वळवावे. म्हणून बहिष्काराचा अधिकार ज्यू धर्मपंडितांनाही असू नये, असे त्याचे म्हणणे होते. ईश्वराचे अस्तित्व, आत्म्याचे अमरत्व इ. सत्ये बुद्धीने सर्वांनाच कळतात. सायनाय पर्वतावर प्रकट झाले ते सत्य नव्हे, तर ज्यूंसाठी विधान, असा भेद त्याने केला. ही मांडणी चतुर आहे. पण आज्ञा का पाळावी, याचे समाधानकारक उत्तर तीत मिळत नाही. त्याच्या सहा अपत्यांपैकी चौघांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी पंथाने विधींपेक्षा प्रेषितांच्या नीतीवर भर दिला. या प्रवृत्तीला खरी तात्त्विक बैठक दिली ती नव-कांटवादी तत्त्वज्ञ हेर्मान कोहेन (१८४२–१९१८) याने. १८८८ मध्ये मारबुर्क येथील न्यायालयात एका शिक्षकावर खटला चालला. ज्यूंची नीती फक्त ज्यूंनाच लागू असून इतरांना फसविण्यास ‘तालमूद’ हा ग्रंथ मुभा देतो, असे विधान त्याने केले होते. तज्ज्ञ म्हणून पाचारण केलेल्या कोहेनने दाखवून दिले, की परकीयावर प्रेम करण्याची आज्ञा बायबलमध्येच आहे आणि ‘नोआची संतती’ या तालमूदी कल्पनेने ज्यूधर्माबाहेरील माणसासही नैतिक व्यक्ती म्हणून मान्यता दिली आहे. बुद्धिनिष्ठ धर्माचे विवेचन करणाऱ्या त्याच्या मरणोत्तर ग्रंथात (१९१९) हाच विचार विस्ताराने आला आहे. ‘शेजारी असलेला माणूस’ हा परकीय व दरिद्री यांच्या दुःखाच्या जाणिवेतूनच ‘सहमानव’ होतो, असे तो म्हणतो. जर्मन संस्कृती व ज्यू धर्म यांच्या एकात्मतेवर त्याचा दृढ विश्वास होता. त्याची विधवा पत्नी मार्था १९४२ मध्ये टेरेझिनश्टाट येथील नाझी बंदिवासात मरण पावली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीला कोहेनची अमूर्त बुद्धिनिष्ठा अपुरी वाटली. फ्रान्ट्स रोझेनत्स्वाइक (१८८६–१९२९) हा १९१३ मध्ये ख्रिस्ती होण्याच्या बेतात असता ज्यू धर्माकडे परतला. मुक्तीचा तारा (१९२१) या ग्रंथाचे लेखन त्याने आघाडीवर सैनिक असताना सुरू केले. मार्टिन बूबर (१८७८–१९६५) याने मी आणि तू (१९२३) मध्ये ‘मी-तू’ व ‘मी-ते’ असे दोन मूलभूत संबंध कल्पून ईश्वराशी नाते प्रत्येक सजीव भेटीतून जडते, असे मांडले. बूबरला हलाखाचे नियम या भेटीतील अडसर वाटत. रोझेनत्स्वाइकने त्यास उद्देशून १९२३ मध्ये लिहिलेल्या निबंधात असे सुचविले, की कायदा हा पुन्हा आज्ञा झाला पाहिजे. म्हणजे आज, या क्षणी, मला उद्देशून आलेली हाक म्हणून जे आचरणे शक्य आहे ते आचरावे. दोघांत एकमत झाले नाही. तरीही १९२५ पासून त्यांनी बायबलचे जर्मन भाषांतर एकत्र केले. रोझेनत्स्वाइकला तेव्हा पक्षाघाताने जवळजवळ पूर्ण विकलता आली होती.

बूबरच्या विचाराची कसोटी लागली ती महात्मा गांधींशी झालेल्या मतभेदात. २६ नोव्हेंबर १९३८ च्या हरिजनमध्ये गांधींनी ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त करून जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला आणि पॅलेस्टाइन अरबांचे आहे, असे म्हटले. त्याच वर्षी जेरूसलेमला स्थायिक झालेल्या बूबरने २४ फेब्रुवारी १९३९ रोजी उत्तर लिहिले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची स्थिती व छळछावणीतील ज्यूंची स्थिती यांची तुलना होऊ शकत नाही. जेथे हौतात्म्य पाहणारा कोणी नाही, तेथे ते साक्ष ठरत नाही, असा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. तो स्वतः बळाच्या वापराचा समर्थक नव्हता, मात्र दुष्टतेला रोखण्याचा अन्य मार्गच नसेल तेव्हा तो टाळता येणार नाही, असे त्याने लिहिले. गांधींचे उत्तर उपलब्ध नाही. बूबर पुढे ज्यू व अरब यांच्या संयुक्त राज्याचा पुरस्कार करीत राहिला आणि १९६२ मध्ये आइखमानला फाशी देऊ नये, अशी विनंतीही त्याने केली.

सुमारे साठ लाख ज्यूंच्या संहारानंतर आज्ञा देणाऱ्या ईश्वराविषयीच शंका उत्पन्न झाली. इतिहासात हस्तक्षेप करणारा ईश्वर यापुढे मानता येत नाही, असे रिचर्ड रूबेनस्टाइनने १९६६ मध्ये म्हटले. एमील फाकेनहाइम (१९१६–२००३) याचे उत्तर उलट दिशेने जाते. हिटलरला मरणोत्तर विजय मिळवून देऊ नये, ही ६१४ वी आज्ञा ऑउशविट्झमधून ऐकू येते आणि श्रद्धाहीन ज्यूवरही ती बंधनकारक आहे, असे तो म्हणतो. केवळ शत्रूला नकार हा धर्माचा आधार होऊ शकतो काय, हा त्यावरील आक्षेप निराधार नाही. लिथ्युएनियात जन्मलेला फ्रेंच तत्त्वज्ञ इमान्युएल लेव्हिनास (१९०६–९५) युद्धकैदी म्हणून वाचला. त्याचे लिथ्युएनियातील आप्त मारले गेले. समग्रता आणि अनंतता (१९६१) मध्ये त्याने नीतिशास्त्र हेच आद्य तत्त्वज्ञान मानले. दुसऱ्या माणसाचा चेहरा हीच ‘ठार मारू नकोस’ ही आज्ञा असते. ती माझ्या संमतीची वाट पाहत नाही. कांटच्या स्वायत्ततेच्या कल्पनेला येथे थेट छेद दिला आहे.

हलाखाचा विचार या काळात थांबला नव्हता. योसेफ सोलोव्हेइचिक (१९०३–९३) याने हलाखानुसार जगणाऱ्या माणसाचे तात्त्विक चित्र रेखाटले. येशयाहू लायबोविट्झ (१९०३–९४) याच्या मते आज्ञा केवळ ईश्वरसेवा म्हणून पाळावयाच्या. त्यांतून राष्ट्राला पावित्र्य लाभत नाही. याच भूमिकेवरून १९६७ नंतर व्याप्त प्रदेशांवरील इझ्राएली अंमलास त्याने कडाडून विरोध केला.

व्यवहारात या विचाराची गुंतागुंत वैद्यकीय नीतीत स्पष्ट दिसते. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडणे हे हलाखानुसार कर्तव्यच आहे. परंतु आसन्नमरण रुग्णाचा मृत्यू घडवून आणणे निषिद्ध मानले जाते. नवा उपचार सुरू न करणे व चालू उपचार थांबविणे यांत त्यामुळे फरक पडतो. आव्राहाम स्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून इझ्राएलने २००५ मध्ये केलेल्या कायद्यात कृत्रिम श्वसनयंत्रास कालनियंत्रक जोडण्याची तरतूद आहे. ठरावीक अवधीनंतर यंत्र आपोआप थांबल्यास ते पुन्हा सुरू न करणे हा ‘थांबविणे’ नसून ‘सुरू न करणे’ ठरते. बाहेरच्यास ही पळवाट वाटेल. परंपरेच्या दृष्टीने रुग्णाची इच्छा व जीविताचे पावित्र्य या दोहोंचा मान राखणारा हा विधी आहे.

विधी व समता यांतील ताण कोकणातून इझ्राएलमध्ये गेलेल्या मराठीभाषक बेने इझ्राएल समाजाच्याही वाट्यास आला. या समाजाच्या पूर्वजांनी घटस्फोट व दीरविवाह यांविषयीचे हलाखाचे नियम पाळले होते की नाही, अशी शंका घेऊन तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये इतर ज्यूंशी त्यांचे विवाह लावण्यापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने त्याविरुद्ध तीव्र आंदोलन केले. १९६४ मध्ये इझ्राएलच्या संसदेने बेने इझ्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून या समाजाचा नामोल्लेख वगळला, चौकशीचा नियम मात्र संशयास्पद वंशाच्या कोणासही लागू म्हणून कायम ठेवला.