कांद्यात क्वेर्सेटिन किती?

गैरसमज : किती ग्रॅम खाल्ले ते लिहायचे, तक्त्यातल्या आकड्याने गुणायचे, की वनस्पतिजन्य द्रव्यांचा हिशेब लागला.

वस्तुस्थिती : हडपसरच्या मंडईतून एकाच वजनाचा लाल आणि पांढरा कांदा आणा. लालमध्ये क्वेर्सेटिन हे वनस्पतिजन्य द्रव्य भरपूर, पांढऱ्यात नाममात्र. त्यातही ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त, म्हणजे सोलताना हात सढळ असला की बराच ऐवज कचऱ्यात. कांदा उकळून पाणी ओतले तर आणखी गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले, तेही देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन. काम मोलाचेच, पण त्यात मिळते ती सरासरी. तुमच्या कढईतला कांदा त्यात नसतो.

गैरसमज : मग लोकांना ‘काल काय खाल्लं?’ विचारणे फुकटच.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी गर्भवतींचा मोठा अभ्यास केला. त्यातल्या ७९७ जणींचा आहार अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास नोंदवला : चोवीस तासांत काय खाल्ले आणि कोणता पदार्थ किती वेळा होतो. २००१ मध्ये निष्कर्ष आले. पालेभाज्या वारंवार खाणाऱ्यांची बाळे जन्मतः आकाराने मोठी होती. एकूण उष्मांक आणि प्रथिनांशी मात्र तसा संबंध दिसला नाही. शिवाय अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्तपेशींतले फोलेट (पालेभाज्यांत असणारे जीवनसत्त्व) ज्यांचे जास्त, त्यांच्या बाळांचे वजनही जास्त. तोंडी उत्तराला रक्ताची साक्ष मिळाली, हे मला यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. तरी हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. भाजीतल्या नेमक्या कोणत्या द्रव्याने काय केले, हेही त्यावरून सांगता येत नाही.

गैरसमज : मग लघवी तपासली की काय खाल्ले ते सगळे उघड.

वस्तुस्थिती : इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या लघवीवरून चहा, सफरचंद, कोको यांतल्या फ्लॅव्हनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांचे सेवन अजमावले गेले (२०२०). पण अशी खात्रीची खूण मोजक्याच द्रव्यांना सापडली आहे, आणि एक नमुना फार तर आदल्या दिवसाची हकिगत सांगतो.

गैरसमज : ‘अँटीऑक्सिडंट’चा आकडा मोठा, तेवढा फायदा मोठा.

वस्तुस्थिती : तो आकडा परीक्षानळीतला, शरीरातला नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा आपला तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला. पाकिटावर तो छापलेला दिसला, तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका.