मोटारींतील वाटाड्या

‘सिंधुदुर्ग’ हें नांव ऐकतांच डोळ्यांपुढें काय उभें राहील, तें ऐकणाऱ्याच्या कामावर अवलंबून आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मालवणच्या समुद्रांतील, शिवछत्रपतींनीं बांधविलेला जलदुर्ग दिसेल. आगगाडीनें येणाऱ्यास ओरोसचें कोंकण रेल्वेचें स्टेशन, विमानानें येणाऱ्यास २०२१ सालीं सुरू झालेला चिपीचा विमानतळ, आणि सरकारदरबारीं काम असणाऱ्यास १९८१ सालीं रत्नागिरींतून वेगळा काढलेला जिल्हा व त्याचें ठाणें, म्हणजे आमची सिंधुदुर्गनगरी, दिसेल. माणसास हा भेद एका प्रश्नानें उलगडतो. यंत्रास तो उलगडेलच असें नाहीं, ही गोष्ट गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या घरीं चांगलीच अनुभवास आली.

आमचा पुतण्या आपल्या मातोश्रींस, म्हणजे आमच्या वहिनींस, घेऊन पुण्याहून मोटारीनें निघाला. मार्गदर्शक यंत्रांत त्यानें ‘सिंधुदुर्ग’ एवढेंच लिहिलें. फोंडाघाट उतरून, कणकवली मागें टाकून गाडी कसालच्या तिठ्यावर आली. तेथून ओरोस महामार्गानें अवघ्या कांहीं मिनिटांवर. परंतु यंत्रानें मालवणचा रस्ता दाखविला. वहिनी म्हणाल्या, “अरे, कुणाला तरी विचार. ओरोसला जायला येथें वळावें लागत नाहीं.” पुतण्या म्हणाला, “आई, तुझ्या वेळचे रस्ते आतां राहिले नाहींत.” रात्रीं दहाच्या सुमारास, भर पावसांत, गाडी मालवणच्या धक्क्यावर येऊन उभी राहिली, समोर काळोख आणि समुद्र! वहिनींस मधुमेह आहे. सायंकाळची सुई त्यांनीं वेळेवर घेतली होती, पण जेवण घरीं पोहोंचल्यावर करूं म्हणून राहिलें होतें. त्यांस घाम सुटला, हात कांपूं लागले. जवळच्या एका घरांतील बाईनें साखरपाणी करून दिलें, म्हणून निभावलें. वाटहि त्या बाईनेंच सांगितली : “ओरोसाक जावचां तर परत कसालाक जावक व्हया.”

तेव्हांपासून हें यंत्र नेमकें काय जाणतें आणि काय जाणत नाहीं, याचा शोध घेण्याचा आम्हांस नाद लागला. जें कळलें तें मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

जी. पी. एस. ही मूळची अमेरिकेच्या लष्कराची योजना. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून किमान २४ उपग्रह सतत फिरत असतात. प्रत्येकांत अतिसूक्ष्म अणुघड्याळ असतें, व तो आपली वेळ आणि जागा अखंड सांगत असतो. आपल्या मोटारींतील यंत्र फक्त ऐकतें. संदेश यावयास किती विलंब लागला यावरून तें उपग्रहाचें अंतर काढतें, आणि चार उपग्रह ऐकूं आले म्हणजे आपलें स्थान ठरवितें. या घड्याळांचा हिशेब इतका नाजूक आहे कीं, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणें तीं भूमीवरील घड्याळांहून दररोज सेकंदाच्या दहालक्षांशाचे ३८ भाग पुढें जातात. एवढें अंतर सुधारलें नाहीं, तर एका दिवसांत सुमारें १० किलोमीटरांची चूक सांचेल. १९८३ सालीं वाट चुकलेलें कोरियाचें प्रवासी विमान रशियाच्या हद्दींत पाडलें गेलें, त्यानंतर ही विद्या सर्वांस खुली करण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. तरी सामान्यांच्या वांट्याचा संदेश २००० सालच्या मे महिन्यापर्यंत मुद्दाम अंधुक ठेवला जात असे. आपल्या देशानेंहि २०१३ पासून या कामासाठीं स्वतःचे उपग्रह सोडले, आणि २०१६ सालीं त्या योजनेस ‘नाविक’ असें समर्पक नांव दिलें.

परंतु उपग्रह सांगतो तें इतकेंच, कीं ‘तुम्ही येथें आहां’. जावयाचें कोठें, रस्ता पक्का कीं कच्चा, पूल शाबूत कीं पाण्याखालीं, हें सर्व नकाशाचें काम. आणि नकाशा माणसांच्या माहितीवर चालतो. ही माहिती शिळी असली कीं अनर्थ ओढवतो. २०२१ च्या जानेवारींत अकोले तालुक्यांत कळसूबाईकडे निघालेली एक मोटार, यंत्रानें दाखविलेल्या जवळच्या वाटेनें जातांना, धरणाच्या पाण्यांत बुडालेल्या पुलावरून रात्रीं थेट पाण्यांत शिरली व चालकाचा अंत झाला. २०२४ च्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांतील बरेलीजवळ तुटलेल्या पुलावरून मोटार रामगंगेच्या पात्रांत कोसळली व तिघे मृत्यु पावले. आमच्याकडेहि २०२४ सालीं करूळ घाट रस्त्याच्या कामासाठीं कित्येक महिने बंद होता. अशा वेळीं निघण्यापूर्वीं वर्तमानपत्र पाहणें किंवा घाटाखालच्या नातलगांस विचारणें, हाच खरा उपाय.

आतां निवडीविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं कांचेवर चिकटविण्याचें स्वतंत्र यंत्र विकत घ्यावें लागे. आज बहुतेकांचें काम हातांतील मोबाइलनेंच भागतें, आणि त्याचा नकाशा वरचेवर नवा होत राहतो. गाडींतच बसविलेलें यंत्र घेणाऱ्यानें एक प्रश्न अवश्य विचारावा : नकाशा नवा कसा करावयाचा, किती वर्षें, आणि त्यास पैसे पडतात काय? मोबाइल वापरणाऱ्यानें घट्ट बसणारा स्टँड व गाडींत चालणारा चार्जर घ्यावा. २०२० सालच्या सुधारित नियमांप्रमाणें गाडी चालवितांना मोबाइलचा उपयोग केवळ वाट पाहण्यापुरता, आणि तोहि लक्ष विचलित न होईल अशा रीतीनें, करतां येतो. म्हणून ठिकाण लिहावयाचें तें गाडी उभी असतांना. पुढें कान यंत्राकडे, डोळे रस्त्याकडे. घाटांत मोबाइलची रेंज जाते. उपग्रह तेव्हांहि ऐकूं येतो, पण नकाशा येत नाहीं; यासाठीं जिल्ह्याचा नकाशा घरूनच उतरवून घ्यावा.

ठिकाण लिहितांना गांव, तालुका व जिल्हा तिन्ही लिहावे. वेंगुर्ले तालुक्यांत एक शिरोडा आहे, तसाच गोव्यांत फोंडा तालुक्यांत दुसरा आहे. आणि फोंडा म्हणावें तर तोहि एक घाटाच्या पायथ्याशीं आमच्या जिल्ह्यांत आहेच! ज्यांच्या घरीं जावयाचें त्यांच्याकडून घराची खूण मोबाइलवर मागवावी. शेवटीं, निघण्यापूर्वीं संपूर्ण वाट एकदां पडद्यावर पाहून मधल्या चार गांवांचीं नांवें कागदावर उतरावीं. हें काम मुलांकडे द्यावें, भूगोलहि होतो.

मेघदूतांतील यक्ष मेघास रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट सांगतो, तेव्हां नद्या, पर्वत, विसाव्याचीं ठिकाणें सारें सांगतो. उज्जयिनी वांकड्या वाटेवर असूनहि तेथें जा म्हणतो, आणि तें कां, हेंहि सांगतो. यंत्र जवळची वाट दाखवितें. कां, तें सांगत नाहीं. तो ‘कां’ विचारणारें कोणी तरी गाडींत असावें, आणि त्याचें ऐकणारेंहि असावें.

यंदा चतुर्थीस पुतण्यानें यंत्रांत ‘ओरोस, तालुका कुडाळ’ असें लिहिलें, आणि शेजारच्या आसनावर वहिनींस बसविलें. जेवणाचा डबा त्यांच्या मांडीवर होता. कसालचा तिठा आला तेव्हां यंत्र बोलण्यापूर्वीं वहिनीच म्हणाल्या, “सरळ.”