स्वपक्षीय मारा

युद्धात स्वतःच्या किंवा मित्रपक्षाच्या सैन्यावर चुकीने होणारा शस्त्रांचा मारा. शत्रूवर टाकलेला बाँब वा तोफगोळा लक्ष्यापासून ढळल्यामुळे अथवा स्वपक्षाच्या तुकडीसच शत्रू समजल्यामुळे तो घडतो. शस्त्र हाताळताना होणारे अपघात यात मोडत नाहीत.

हा प्रकार युद्धाइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील बार्नेटच्या लढाईत (१४ एप्रिल १४७१) धुक्यामुळे ऑक्सफर्डच्या अर्लचे तारकाचिन्ह शत्रूच्या सूर्यचिन्हासारखे भासले व वॉरिकच्या सैनिकांनी आपल्याच सहकाऱ्यांवर बाण सोडले. अमेरिकन यादवी युद्धात जनरल स्टोनवॉल जॅक्सन हा २ मे १८६३ रोजी रात्री टेहळणीहून परतत असता त्याच्याच पक्षाच्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर आठ दिवसांनी तो मरण पावला.

पहिल्या महायुद्धात पायदळाच्या पुढे सरकत जाणाऱ्या तोफमाऱ्यामुळे धोका वाढला. पायदळ माऱ्याच्या निकट राहिल्यास आपलेच गोळे अंगावर येत आणि मागे रेंगाळल्यास शत्रूच्या मशीनगनना सावरण्यास अवधी मिळे. फ्रेंच जनरल पेर्सँ याने स्वपक्षीय तोफांमुळे झालेली फ्रेंच हानी सु. ७५,००० असल्याचा अंदाज १९२१ मध्ये मांडला.

हाच पेच नॉर्मंडीतील ‘कोब्रा’ मोहिमेत (जुलै १९४४) अधिक तीव्रतेने उद्भवला. सँ लोच्या पश्चिमेस जर्मन फळीवर अवजड बाँबफेकी विमानांनी मारा करावयाचा होता. विमाने रस्त्याला समांतर येतील, अशी जनरल ब्रॅडलीची समजूत होती. प्रत्यक्षात ती काटकोनात, म्हणजे अमेरिकन फळीवरूनच आली. २४ जुलै रोजी २५ अमेरिकन सैनिक ठार व १३१ जखमी झाले. तरीही दुसऱ्या दिवशी त्याच मार्गाने पुन्हा बाँबफेक करण्यात आली. पहिल्या माऱ्याने उडालेली धूळ व धूर वाऱ्याबरोबर अमेरिकन फळीकडे सरकत गेला व मागून येणाऱ्या विमानांना लक्ष्यरेषा दिसेना. या दिवशी १११ सैनिक ठार व ४९० जखमी झाले. मृतांत लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅक्‌नेअर हाही होता. मोहीम मात्र यशस्वी झाली व जर्मन फळी फुटली, म्हणून तिच्या वृत्तांतात ही हानी बहुधा ओझरतीच येते.

तत्पूर्वी, ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीत दोस्तांच्याच विमानविरोधी तोफांनी छत्रीधारी सैनिक नेणाऱ्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ पाडली होती. त्यामुळे नॉर्मंडीच्या स्वारीत दोस्तांच्या विमानांवर काळेपांढरे पट्टे रंगविण्यात आले. शत्रु-मित्र ओळखण्यासाठी रेडिओ-संकेतांची यंत्रणाही त्याच युद्धात वापरात आली. योग्य संकेत परत आल्यास विमान मित्राचे ठरते. परंतु संकेत न येणे हा ते शत्रूचे असल्याचा पुरावा नव्हे. १९९१ च्या आखाती युद्धात लढाईत मृत्यू पावलेल्या १४८ अमेरिकनांपैकी ३५ जण स्वपक्षीय माऱ्यात ठार झाले. रणगाड्याच्या तोफेचा पल्ला चालकदलाच्या खात्रीने ओळखण्याच्या क्षमतेपलीकडे गेला होता, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

अशा मृत्यूंची वार्ता दडपण्याची वृत्तीही सर्वत्र आढळते. अमेरिकन फुटबॉलपटू पॅट टिलमन हा सैनिक अफगाणिस्तानात २२ एप्रिल २००४ रोजी आपल्याच तुकडीच्या गोळीबारात मरण पावला. तो शत्रूच्या गोळीबारात पडला, असे त्याच्या कुटुंबास प्रथम सांगण्यात आले व खरी हकीकत काही आठवड्यांनंतर कळविण्यात आली. भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे भारतीय क्षेपणास्त्रानेच पडले. त्यात हवाई दलाचे सहा जण व एक नागरिक मरण पावला. चौकशीनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली.